बीव्हरचं शरीर, बीव्हरचे आजार, आणि खानापुरात बसून त्याचा अभ्यास करायचा तर

प्रश्न असा आला आहे: "सर, मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. असोग्याजवळ मलप्रभेत पहाटे चार-पाच पाणमांजरं दिसली. घरचे म्हणाले, यालाच इंग्रजीत बीव्हर म्हणतात. मग मोबाईलवर बीव्हरचे व्हिडिओ बघत बसले आणि त्याच्यावरच प्रोजेक्ट करावा असं वाटायला लागलं. बीव्हरच्या शरीरावर आणि तब्येतीवर शास्त्रज्ञांनी नेमकं काय काम केलंय? त्याचे रोग माणसाला होतात का? आणि आपल्याकडे बसून हा विषय धरण्यात काही अर्थ आहे का?"

आधी घरच्यांचं म्हणणं बाजूला ठेवू. तू बघितलीस ती पाणमांजरं, म्हणजे ऊद. ऊद मासे आणि खेकडे खाणारा शिकारी प्राणी. बीव्हर कुरतडणाऱ्यांच्या कुळातला, म्हणजे घूस, साळिंदर, शेकरू यांच्या गोतावळ्यातला, आणि तो पूर्ण शाकाहारी आहे. मासा त्याच्या समोरून गेला तरी तो ढुंकून बघत नाही. काठावरच्या विष्ठेवरूनही दोघांतला फरक कळतो. ऊद खडकावर ठराविक जागी घाण करतो, तिला मासळीचा वास येतो, काडीने फोडली की खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे निघतात. बीव्हर बहुतेक वेळा पाण्यातच घाण करतो. हाताला लागलीच तर दाबून बघायची, आत सगळा लाकडाचा भुसा असतो.

भारताच्या कुठल्याही नदीत रानटी बीव्हर नाही. जगात त्याच्या दोनच जाती उरल्या आहेत, उत्तर अमेरिकेतला कॅस्टर कॅनडेन्सिस आणि युरोप-आशियातला कॅस्टर फायबर. आशियातला एक छोटा गट चीन आणि मंगोलियाच्या सीमेवर बुलगन आणि उलुंगूर नद्यांच्या खोऱ्यात आहे. तेव्हा मलप्रभेत बीव्हर शोधायला जाऊ नकोस.

मी आज नंदगड-खानापूर पट्ट्यात म्हशी आणि गायी बघतो. शिकत असताना मात्र काही काळ स्कॉटलंडमध्ये होतो, बीव्हर परत वसवण्याच्या कामावर असलेल्या पशुवैद्यांच्या हाताखाली. त्यामुळे हा प्राणी मी पुस्तकात वाचलाय तसा गोणपाटात धरूनही बघितलाय.

बीव्हरचा अभ्यास दातांपासून सुरू करावा असं माझं मत. बाकी सगळं शरीर त्या दातांच्या मागे उभं आहे. एकूण दात 20. पुढचे चार जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या पुढच्या बाजूला कडक एनॅमल असतं आणि मागे त्यापेक्षा मऊ डेंटिन. लाकूड कुरतडताना मागचा भाग लवकर झिजतो, पुढची कडा तशीच उभी राहते, आणि दात सुताराच्या पटाशीसारखा आपोआप धारदार राहतो. बीव्हरच्या दाताला त्यामुळे वेगळी धार लावावी लागत नाही, पण त्याला काम मात्र सतत लागतं. वरचा आणि खालचा दात एकमेकांवर नीट बसत नसले, पडून जबडा मोडला किंवा एक दात तुटला, तर समोरचा दात झिजत नाही. तो वळत वळत वाढतो, तोंड मिटत नाही, आणि भरल्या ओढ्यात जनावर उपाशी मरतं. म्हणून बीव्हर तपासताना पशुवैद्य पहिल्यांदा ओठ वर करून दात बघतो.

हे पुढचे दात नारिंगी दिसतात. आपल्या घुशीचेही पिवळट-नारिंगीच असतात. भाताच्या कोठीत पिंजऱ्यात सापडलेली घूस लांबूनच नीट बघ. कुरतडणाऱ्यांच्या एनॅमलमध्ये लोह असतं हे फार पूर्वीपासून माहीत होतं. ते कुठे बसतं हे कळलं अलीकडे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने 2015 मध्ये एनॅमल अणूंच्या पातळीवर तपासलं. एनॅमलच्या बारीक तंतूंच्या मधल्या फटींत स्फटिक नसलेला एक पदार्थ भरलेला असतो. आतल्या साध्या एनॅमलमध्ये त्यात मॅग्नेशियम असतं, बाहेरच्या नारिंगी थरात लोह. ते लोहवालं एनॅमल फ्लोराइड लावलेल्या एनॅमलपेक्षाही कठीण निघालं आणि आम्लाला जास्त दाद देईना. मग सगळेजण म्हणू लागले की रंग लोहाचा. 2024 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी बीव्हरसह अनेक कुरतडणाऱ्या प्राण्यांचे दात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि हा समज मोडला. लोह दाताला मजबुती देतं हे खरं, पण नारिंगी रंग येतो तो सगळ्यात वरच्या पातळ थरातून. त्या थरात काही अमिनो आम्लं आणि खनिजं असतात. मला हे काम आवडतं ते एवढ्यासाठी की सगळ्यांनी गृहीत धरलेली गोष्ट कुणीतरी पुन्हा तपासायला घेतली.

तोंडाची रचनाही बघण्यासारखी आहे. पुढच्या दातांच्या मागे ओठ आतल्या बाजूने मिटतात, त्यामुळे पाण्याखाली कुरतडताना पाणी आणि भुसा घशात जात नाही. श्वासनलिकेवरचं झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस, नाकाच्या मार्गात वर बसलेलं असतं, म्हणजे श्वास जवळपास नाकानेच. नाकपुड्या आणि कान बुडताना बंद होतात, डोळ्यावर पारदर्शक पडदा येतो. बीव्हर साधारण पाच-सहा मिनिटं पाण्याखाली राहतो, वेळ आली तर पंधरा मिनिटंसुद्धा. बुडाल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात. भूल देणाऱ्या डॉक्टरला याचा ताप होतो. तोंडावर मास्क धरला की बीव्हर सरळ श्वास रोखून धरतो. आपण वाट बघत बसतो, आणि त्याला काही घाई नसते. श्वासनलिकेत नळी घालणंही त्या झाकणामुळे अवघड.

पोटाची गोष्ट. तू म्हशीचं पोट शिकली असशील. म्हैस चाऱ्यातलं सेल्युलोज पहिल्या पोटात, जंतूंच्या मदतीने कुजवते आणि रवंथ करते. बीव्हर हेच काम मागच्या टोकाला, मोठ्या अंधांत्रात म्हणजे सीकममध्ये करतो. मागे कुजवण्यात तोटा असा की तिथे तयार झालेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं शोषून घ्यायला पुढे फारसं आतडं उरलेलं नसतं. म्हणून बीव्हर मऊ हिरवट विष्ठा गुदद्वारातूनच परत खातो, सशासारखी. एवढं करूनही सेल्युलोजचा साधारण एक तृतीयांश भागच त्याला पचतो. तो झाड पाडतो ते मुख्यतः फांद्यांच्या सालीसाठी आणि पानांसाठी. जाड खोडाचं लाकूड तो ओढ्यावर घालतो त्या बांधाला वापरतो. त्याच अंधांत्रात स्टिकॉर्किस नावाचा पर्णकृमी राहतो, तो फक्त बीव्हरमध्येच सापडतो. अंगावरच्या केसांतही खास त्याचा म्हणून एक बिनपंखी भुंगेरा राहतो. युरोपात बहुतेक ठिकाणी संपलेला बीव्हर परत आणला तेव्हा त्याच्यासोबत त्याचे हे जन्माचे भाडेकरूही परत आले. काही अभ्यासकांना त्याचाही आनंद होतो, आणि तो आनंद मला समजतो.

शेपटी म्हणजे चरबीची कोठी. थंडी सरता सरता ती बारीक होते. तब्येत चांगली की वाईट हे ठरवायला शेपटीची जाडी बघतात, कमरेची हाडं हाताला लागतात का ते बघतात. रक्त काढायचं तेही शेपटीच्या खालच्या बाजूच्या शिरेतून. गायीच्या शेपटीतून रक्त काढलेल्या माणसाला ते लवकर जमतं. शेपटी आणि पाय यांच्या मुळाशी रक्तवाहिन्यांची अशी गुंफण आहे की बाहेर जाणाऱ्या गरम रक्तातली उष्णता परत येणाऱ्या थंड रक्ताला मिळते. म्हणून बर्फाच्या पाण्यात तो गारठत नाही. उलट उष्णता त्याला सोसत नाही. पोटाकडच्या बाजूला एका चौरस सेंटिमीटरमध्ये 23,000 पर्यंत केस असतात. पकडलेला बीव्हर गाडीतून नेताना उष्माघाताने जाण्याची भीती असते, म्हणून तो पहाटे किंवा रात्री हलवायचा, पिंजऱ्यावर पाणी मारत. आपल्याकडचा मे महिना त्याला झेपणारच नाही.

आता तपासणी. बीव्हरला पिंजऱ्यातून मोठ्या गोणपाटात चालत जाऊ देतात. गोणपाटाचं टोक निमुळतं असतं, तोंड त्यात जाऊन बसतं, अंधार झाला की तो शांत होतो. भूल न देता वजन, दात, शेपटी, जखमा, चिप एवढं सगळं होतं. अंगावरच्या जखमा बहुतेक पाठीच्या मागच्या भागावर आणि शेपटीवर असतात, दुसऱ्या बीव्हरने चावलेल्या. दोन वर्षांची पिल्लं घर सोडून नवी जागा शोधायला निघतात तेव्हा हद्दीवरून मारामाऱ्या होतात. चाव्याची जखम वरून बारीक दिसते आणि आत पू साचलेला असतो. मागच्या पायाच्या दुसऱ्या बोटाला दुहेरी नख असतं, ते केस विंचरायला.

नर की मादी हे बाहेरून कळत नाही. अवयव सगळे आत, एकाच द्वारात. दूध पाजणारी मादी असेल तर चार आचळं दिसतात, एरवी बोटाने चाचपून नराच्या लिंगातलं हाड लागतं का बघायचं, किंवा गुदग्रंथी हलके दाबून स्राव बघायचा. या स्रावावरून लिंग कळतं आणि जातही. युरेशियन नराचा स्राव पिवळसर आणि पातळ, मादीचा राखाडी-पांढरा, घट्ट. अमेरिकन बीव्हरमध्ये हे नेमकं उलटं, नराचा तपकिरी आणि घट्ट, मादीचा फिकट आणि पातळ. अमेरिकन नराच्या स्रावाला मोटारीच्या तेलाचा वास येतो, मादीच्या स्रावाला जुन्या चीजचा, असं तिथले लोक सांगतात. मी फक्त युरेशियन हाताळलेत, त्यांचा वास हातमोजे टाकून दिले तरी दिवसभर नाकात राहतो. अत्तरवाल्यांना हवं असलेलं कॅस्टोरियम मात्र वेगळ्या पिशव्यांत असतं. बीव्हर त्याने चिखलाच्या ढिगांवर आपली हद्द मांडतो.

जात ओळखण्याला महत्त्व का? फिनलंडमध्ये 1937 साली अमेरिकन बीव्हर आणून सोडले, तेव्हा दोन जाती वेगळ्या आहेत हे नीट उमगलेलं नव्हतं. अमेरिकन बीव्हरची गुणसूत्रं 40, युरेशियनची 48. दोघांचा संकर होत नाही, पण जागेसाठी स्पर्धा होते, आणि ते निस्तरणं अजून चालू आहे.

जनुकांचं काम इथे थोडं जास्त सांगतो, कारण तुझ्या अभ्यासक्रमाशी ते जुळतं. कातडी आणि कॅस्टोरियमसाठी एवढी शिकार झाली की 20व्या शतकाच्या सुरुवातीला युरेशियन बीव्हर जेमतेम 1,200 उरले होते, तेही आठ वेगवेगळ्या कोपऱ्यांत. आज ते दहा लाखांच्या वर आहेत. स्वीडनमध्ये बीव्हर संपले होते. 1922 पासून 1939 पर्यंत नॉर्वेतून सुमारे 80 आणून सोडले, त्यांचे पुढे एक लाखाच्या वर झाले. 1993 मध्ये त्यांची प्रतिकारशक्तीची जनुकं तपासली तर सगळ्यांची जवळपास सारखीच निघाली. पुस्तकी हिशोबाने असा कळप पहिल्याच साथीत झोपायला हवा. तो झोपला नाही. आपण वर्गात शिकवतो की विविधता नसेल तर नाश ठरलेला, त्या वाक्याला इथे एक अडचणीचं उदाहरण भेटतं. अर्थात साथ आलीच नाही म्हणून ते वाचले असंही कुणी म्हणू शकतं. परीक्षेत लिहिताना दोन्ही बाजू लिही.

कॅनडाने आपल्या 150व्या वर्षी, 2017 मध्ये, टोरांटोच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बीव्हरचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. पुढे 2021 मध्ये त्याच्या दीर्घायुष्याचा एक धागा मिळाला. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, बीव्हर पिंजऱ्यात 20 च्या पुढे जाऊ शकतो. शरीरात चरबी जळताना अल्डिहाइड नावाची विषारी द्रव्यं तयार होतात, त्यांचा निचरा करणाऱ्या एका जनुकाची माणसात एक प्रत आहे, बीव्हरमध्ये सुमारे दहा. साल आणि लाकूड खाणाऱ्याला अशी द्रव्यं बाहेरूनही पोटात घ्यावी लागतात, तेव्हा हे त्याच्या उपयोगाचं. दीर्घायुष्याचं सगळं उत्तर यात आलं असं मात्र मला वाटत नाही.

वागणुकीबद्दल दोनच गोष्टी. स्वीडनच्या लार्स विल्सन यांनी 1960 च्या दशकात दाखवलं की वाहत्या पाण्याचा नुसता आवाज लाउडस्पीकरवर लावला तरी बीव्हर तिथे काटक्या आणून रचू लागतो. आणि बर्फाखाली, उजेड न दिसणाऱ्या हिवाळ्यात त्याचा दिवस 24 तासांचा राहत नाही, 26 ते 29 तासांपर्यंत ताणला जातो.

आता तुझा दुसरा प्रश्न, त्याचे रोग माणसाला होतात का. होतात. पण ते रोग बीव्हरचे म्हणण्यापेक्षा पाण्याचे म्हणणं जास्त बरोबर.

पहिला टुलरेमिया. फ्रान्सिसेला नावाचा जिवाणू, त्याचा एक प्रकार पाण्याशी बांधलेला आहे. बीव्हर आणि मस्करॅट (पाण्याकाठचा, कुरतडणाऱ्यांतलाच एक छोटा प्राणी) यांच्यात साथ आली की एका ओढ्यावर अनेक मेलेले सापडतात. हाताळणाऱ्याला ताप येतो, गाठी सुजतात. 1968 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मस्करॅट हाताळणाऱ्या 47 जणांना तो झाला होता. नुसत्या हातांनी कातडी सोलणं त्यांना भोवलं.

दुसरा जिआर्डिया. अमेरिकेत डोंगरात फिरणाऱ्यांनी ओढ्याचं पाणी पिऊन जुलाब लागले की त्याला 'बीव्हर फीव्हर' म्हणायची पद्धत पडली. पण माणसाच्या मैल्यातून आणि गुराढोरांतूनही हाच परजीवी पाण्यात जातो, आणि बीव्हरला तो माणसाकडूनच लागल्याची शक्यता अभ्यासकांनी पुढे मांडली. नाव बिचाऱ्या बीव्हरचं गेलं. याच्या पुट्या, म्हणजे कवचातली अवस्था, क्लोरिनला सहज मरत नाहीत, पाणी उकळलं की मरतात. जत्रेत टँकरचं पाणी पिणाऱ्या आपल्या लोकांनीही हे ध्यानात ठेवावं.

तिसरा कोल्ह्याचा फीतकृमी, एकायनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस. मध्य युरोपात तो आहे, ब्रिटनमध्ये नाही. जर्मनीतल्या बव्हेरियातून ब्रिटनमध्ये आणलेल्या एका बीव्हरच्या यकृतात तो सापडला आणि सगळे जागे झाले. बीव्हर स्वतः तो पसरवत नाही, त्याला कोल्ह्याने किंवा कुत्र्याने खाल्लं तरच चक्र पुढे जातं. पण ब्रिटनमध्ये कोल्हे काही कमी नाहीत. तेव्हापासून सोडण्याआधी रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि दुर्बिणीने यकृत बघणं सुरू झालं. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात ऑटर, म्हणजे चक्क ऊद, अशा नावाच्या नदीत कुणी न सांगता सोडलेले बीव्हर वाढले होते. ते पकडून, तपासून, निरोगी ठरल्यावर मार्च 2015 मध्ये परत त्याच नदीत सोडले. आपल्याकडे याच कृमीचा भाऊबंद आहे. मेंढराच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात, त्या त्याच्याच. खाटकाने ती फुप्फुसं कुत्र्यापुढे टाकली की चक्र पूर्ण होतं. खाटीकखान्यात उभं राहून हे बघता येतं, बव्हेरियाला जायला नको.

चौथा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरा जिवाणूमुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस, आणि इथे मी थांबणार आहे, कारण हा आपल्या घरातला विषय. नेदरलँड्समध्ये 1988 पासून एल्ब नदीवरचे बीव्हर आणून बीस्बॉशच्या दलदलीत सोडले. पहिल्या वर्षांत जे मेले त्यांचं शवविच्छेदन केलं तेव्हा लेप्टोस्पायरा आणि यर्सिनिया या जिवाणूंची कारणं पुढे आली. नवी जागा, प्रवासाचा ताण, आणि तिथल्या उंदरांच्या मुतातले ओळखीचे नसलेले जंतू. त्याच बीव्हरच्या मूत्रपिंडात कॅडमियम हा विषारी धातूही मोजला गेला. वाळुंजाचं झाड गाळातून कॅडमियम शोषतं, बीव्हर वाळुंज खातो, ते मूत्रपिंडात साचतं. नदीत काय सोडलं जातं ते असं एका प्राण्याच्या मूत्रपिंडात वाचता येतं. आपल्याकडे हे वाचायचं तर ऊद बघावा लागेल, तो मासे खातो. घटप्रभेच्या किंवा कृष्णेच्या काठावर राहणाऱ्याला त्याचं महत्त्व मी सांगायला नको.

लेप्टोचे जंतू मूत्रपिंडात राहतात आणि लघवीतून बाहेर पडतात. कोरड्या जमिनीवर लगेच मरतात, ओल्या चिखलात आणि साचल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. घूस किंवा उंदीर स्वतः सहसा आजारी दिसत नाही, नुसता वाहत राहतो. कुत्रा आणि माणूस कावीळ होऊन, मूत्रपिंड बंद पडून मरू शकतात, गाय-म्हैस गाभडते, दूध अचानक आटतं. खानापूर, जांबोटी, चंदगड या भाताच्या पट्ट्यात रोपलावणीच्या दिवसांत माणसं तासन्‌तास चिखलात उभी असतात आणि पायाला भेगा पडलेल्या असतात. त्वचेच्या त्या भेगेतून जंतू आत जातो. गमबूट घाला म्हणून सांगणं सोपं आहे, चिखलात गमबूट रुतून बसतो हे सांगणाऱ्याने एकदा लावणी करून बघावं. तेव्हा जखम झाकणं, काम झाल्यावर साबणाने पाय धुणं, आणि ताप आला की भातात काम केल्याचं डॉक्टरला आपणहून सांगणं, एवढं तरी व्हावं. गोळ्या सुरुवातीलाच दिल्या तर फरक पडतो.

तिसरा प्रश्न, विषय धरावा का. बीव्हरवर नुसता वाचून प्रोजेक्ट करायला हरकत नाही, पण हातात काही लागणार नाही. त्याच्या पद्धती उचल आणि आपल्या प्राण्यावर लाव. मला विचारशील तर दोन वाटा. एक, घुशीचे दात. भाताच्या कोठ्यांतून शेतकरी मारून टाकतातच. कवट्या जमव, पुढच्या दाताची लांबी, झीज, चावा नीट बसतो की नाही याची नोंद कर. साधा व्हर्नियर कॅलिपर लागतो, परवान्याचं झंझट नाही. मेलेली घूस हाताळताना मात्र हातमोजे, आणि कवटी साफ करण्याआधी उकळून घ्यायची. दुसरी, ऊदाची विष्ठा. मलप्रभेवर ठराविक टप्पा धर, खवले आणि कवचं वेगळी कर, ऋतूप्रमाणे काय खाल्लं ते मांड. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल, कारण ऊद 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर काडीलाही हात लावता येत नाही. कर्नाटकात 2015 मध्ये तुंगभद्रेवर ऊदांसाठी राखीव क्षेत्र जाहीर झालंय, तेव्हा खात्यातल्या लोकांना हा प्राणी नवीन नाही. अर्ज कानडीत दे, लवकर हलतो.

लेप्टोमध्ये हात घालायची इच्छा असेल तर एकटीने नको. घुशीचं मूत्रपिंड काढणं हे संरक्षित प्रयोगशाळेतलं काम. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुरोग साथविज्ञान संस्थेत, म्हणजे निवेदीत, लेप्टोवर काम चालतं. तुझ्या गाईडने तिथे पत्र लिहावं. रक्ताची मुख्य तपासणी जिवंत जंतूंवर करतात, रक्तातल्या प्रतिपिंडांनी ते एकमेकांना चिकटतात का ते काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून फार बोलता येत नाही, म्हणून जनावराचं रक्त सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा घेतात. शक्य असेल तर म्हशींचं रक्त घे, गवळ्यांची ओळख मी करून देईन.

व्हिडिओ बघून बीव्हर पाळायचं कुणाच्या मनात आलं असेल, त्यासाठी एकच गोष्ट सांगतो. 1946 साली अर्जेंटिनाने कातडीच्या धंद्यासाठी सुमारे 20 बीव्हर टिएरा डेल फ्युएगो बेटावर सोडले. त्यांना खाणारं तिथे कुणी नव्हतं, आणि तिथली झाडं तोडल्यावर बुंध्यातून परत फुटत नाहीत. आज त्यांची संख्या लाखाच्या घरात सांगतात, ते चिलीच्या मुख्य भूमीवर पोहोचलेत, आणि दोन देश त्यांना काढायचा खर्च करत बसलेत.

आणि असोग्याला किंवा कुठेही मेलेला ऊद दिसला तर हात लावू नकोस, फोटो काढ, मोजपट्टी नसेल तर शेजारी पेन ठेवून काढ, जागा नोंदव आणि वनरक्षकाला फोन कर. त्यांनी बोलावलं तर मी शवविच्छेदनाला येतो. तोपर्यंत शव सावलीत, बर्फावर ठेवायला सांग. डीप फ्रीझरमध्ये नको, गोठलेल्या मूत्रपिंडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येत नाही.